दिवस भरलेत, पाणी गेलं, पण कळा नाहीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बाळंतपणं करताना हे प्रश्न मला ओपीडीत, लेबर रूमच्या दारात आणि मध्यरात्री फोनवर विचारले जातात. विचारणारी कधी स्वतः गरोदर बाई असते, कधी तिची आई, कधी सासूबाई, आणि हल्ली नवरेही पुष्कळ विचारतात. इथली उत्तरं ३७ आठवडे पूर्ण झालेल्या आणि पोटात एकच बाळ असलेल्या बायकांसाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तपासून काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. त्यांनी तुम्हाला तपासलेलं आहे.

पाणी गेलं, पण पोटात दुखतच नाही. असं होतं का?

होतं. बाळाभोवतीची पाणमोट बहुतेक वेळा कळा सुरू झाल्यावर फुटते. पण दिवस भरलेल्या शंभर बायकांपैकी साधारण आठ जणींची ती कळांच्या आधीच फुटते. बहुतेकींमध्ये त्याचं नेमकं कारण सापडत नाही. जिना चढले म्हणून झालं, पाण्याची बादली उचलली म्हणून झालं, असं मनाला लावून घेऊ नका. आणि घरच्यांनीही तिला तसं ऐकवू नये.

पाणी आहे, लघवी आहे की पांढरं जातंय, कसं ओळखायचं?

भळकन पाणी गेलं, गादी भिजली, तर शंका राहत नाही. अडचण होते ती थेंब थेंब गळतं तेव्हा. नवव्या महिन्यात बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबत असतं, त्यामुळे खोकताना-शिंकताना थोडी लघवी होणं नेहमीचं. पांढरंही वाढलेलं असतं. त्यात नागपूरचा मे महिना असेल तर घामाने कपडे तसेही ओले होतात, आणि बाई दिवसभर 'घामच असेल' म्हणून काढते.

घरी एवढं करा. लघवी करून या, कोरडा पॅड किंवा स्वच्छ सुती कापड ठेवा, अर्धा तास पडून राहा आणि मग उभ्या राहा. उभं राहताच पुन्हा ओघळलं आणि पॅड भिजला, तर ते बहुधा गर्भजल आहे. लघवीला तिचा वास येतो, गर्भजलाला तसा येत नाही. लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. एवढं करूनही ठरत नसेल तर दवाखान्यात जाऊन दाखवा. 'उगाच आलात' असं कुणी म्हणालं तरी चालेल. माझ्या मते अशी चक्कर कधीच उगाच नसते.

पाणी गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या वेळेवर ठरतो: कळा कधी आणायच्या, अँटिबायोटिक कधी द्यायचं, बाळावर किती तास लक्ष ठेवायचं. 'सकाळी कधीतरी गेलं' या उत्तरावर डॉक्टरला नीट काही ठरवता येत नाही.

मग रंग बघा. पाणी पाण्यासारखं, किंचित पिवळट किंवा हलकं गुलाबी असेल तर घाबरू नका, पण निघा. हिरवं किंवा शेवाळी असेल, तर बाळाने पोटातच शी केलेली असते. तेव्हा लगेच निघायचं. लाल रक्त जात असेल, पाण्याला घाण वास असेल, ताप वाटत असेल किंवा बाळ नेहमीसारखं हलत नसेल, तरीही तसंच.

पॅड ठेवा, आत कापूस किंवा कापड घालू नका, संबंध ठेवू नका. अंघोळ केली तरी चालते, पण त्यात तास घालवू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घ्या. भिजलेला पॅडही पिशवीत सोबत न्या. डॉक्टरला तो पाहून बरंच कळतं.

कळा सुरू होईपर्यंत घरी थांबलं तर काय बिघडतं?

हे पान मुळात याच प्रश्नासाठी लिहिलं आहे. पहिलं बाळंतपण वेळ घेतं, कळा नीट सुरू झाल्याशिवाय दवाखान्यात जाऊन काय करायचं, असं घराघरात सांगितलं जातं. पाणमोट शाबूत असेल तर तो सल्ला बहुतेकदा बरोबर असतो. पाणमोट फुटल्यावर तो लागू होत नाही.

पाणमोट म्हणजे बाळ आणि बाहेरचे जंतू यांच्यातला पडदा. तो फाटला की योनिमार्गातले जंतू वर चढायला मोकळे होतात, आणि जसजसे तास जातात तसतशी गर्भाशयात संसर्ग होण्याची शक्यता वाढते. शिवाय डोकं अजून खाली नीट बसलेलं नसेल, तर पाण्याबरोबर नाळ खाली सरकू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणून कळा नसल्या तरी तासाभरात निघावं. दवाखान्यात तपासून सगळं ठीक निघालं, तर पुढे थांबायचं की कळा आणायच्या हे तिथे ठरवता येतं. ते घरी बसून अंदाजाने ठरवायचं नसतं.

योनीतून नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर?

ती आत ढकलू नका. गुडघ्यांवर बसून, छाती आणि डोकं गादीला टेकवून कंबर वर ठेवा आणि कुणाला तरी ताबडतोब १०८ लावायला सांगा. गाडीत झोपवताना कुशीवर झोपवा, कमरेखाली उशा द्या. उभं राहायचं नाही, चालायचं नाही. पोचण्याआधीच दवाखान्याला फोन करून 'नाळ बाहेर आली आहे' हेच शब्द सांगा, म्हणजे ऑपरेशन थिएटर तयार राहील.

नागपुरात कुठे जायचं? आणि गावाकडून येणाऱ्यांनी?

जिथे नाव नोंदवलं आहे तिथे. तिथे रात्री सिझर होऊ शकतं का, रक्त मिळतं का, बाळांचे डॉक्टर येतात का, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यांपैकी गांधीबागेतला डागा हा खास बायका-मुलांचाच. मेडिकल आणि मेयो या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत चोवीस तास बाळंतपणं होतात. मिहानमधलं एम्सही आहे.

नरखेड, भिवापूर, पारशिवनी, कुही अशा भागांत राहत असाल तर अंतर लक्षात घ्या. आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. बाळाचे ठोके, ताप आणि डोक्याची जागा तिथे पाहता येते, आणि पुढे पाठवायचं तर चिठ्ठी आणि गाडी देऊनच पाठवतात. आशाताईंना फोन करा. गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ या गाड्या मोफत आहेत. पाणी गेलेल्या बाईला मोटारसायकलवर मागे बसवून आणू नका. अजूनही तशा बायका येतात, आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींची आणखी एक अडचण असते. फाइल पुण्याला, बाई नागपुरात. माहेरी येताना सगळे कागद सोबत आणा आणि इथल्या डॉक्टरला निदान एकदा आधी दाखवून ठेवा.

दवाखान्यात गेल्यावर काय तपासतात?

नाडी, ताप, रक्तदाब, पोटावरून बाळाची स्थिती, बाळाचे ठोके. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. मग निर्जंतुक उपकरण लावून पाणी खरंच गर्भाशयाच्या तोंडातून येतंय का ते पाहतात. शंका असेल तर एक कागदी पट्टी लावतात. गर्भजल अल्कधर्मी असल्याने ती निळी होते. रक्त लागलं तर ही पट्टी फसवते, म्हणून कधी पाण्याचा थेंब काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गर्भजल वाळलं की नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. सोनोग्राफीत पाणी किती उरलंय ते कळतं, पण पाणमोट फुटली की नाही हे एकट्या सोनोग्राफीवर ठरवत नाहीत.

'सारखी सारखी आतून तपासणी नको' असं म्हटलं तर चालेल का?

चालेल, आणि म्हणा. कळा नसताना बोटांनी आतून वारंवार तपासण्याने फारसं काही कळत नाही. जंतू मात्र वर ढकलले जातात. पाणी गेल्यावर जितक्या जास्त वेळा आतून तपासणी, तितका गर्भाशयाच्या संसर्गाचा धोका जास्त, हे मोठ्या अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. सिस्टर, शिकाऊ डॉक्टर, मोठे डॉक्टर असं एकामागून एक कुणी तपासू लागलं, तर 'आत्ताच तपासलंय, पुन्हा गरज आहे का?' एवढं नम्रपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या लेबर रूममध्ये या प्रश्नाचा कुणी राग मानत नाही.

मग कळा आणायच्या, की आपोआप यायची वाट बघायची?

दोन्ही मार्ग आहेत. डॉक्टरने दोन्ही समजावून सांगावेत आणि बाईने त्यातला निवडावा.

वाट पाहण्याच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. पाणी गेलेल्या दहा बायकांपैकी साधारण सहा जणींना २४ तासांच्या आत आपोआप कळा सुरू होतात. पाणी स्वच्छ असेल, ताप नसेल, डोकं खाली बसलेलं असेल आणि बाळाचे ठोके चांगले असतील, तर काही तास थांबणं गैर नाही. ब्रिटनमधलं मार्गदर्शन बाईला २४ तासांपर्यंत थांबण्याचा किंवा लगेच कळा आणण्याचा पर्याय देतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना कळा आणण्याची शिफारस करते, पण सगळं ठीक असेल आणि बाईची इच्छा असेल तर १२ ते २४ तास थांबणं मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनाही दिवस भरल्यावर पाणी गेलं तर कळा आणण्याची शिफारस करते.

कळा आणण्याच्या बाजूला मुख्य मुद्दा संसर्गाचा. १९९६ साली सहा देशांतल्या ७२ रुग्णालयांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५,०४१ बायका होत्या. काहींना लगेच कळा आणल्या, काहींना चार दिवसांपर्यंत थांबू दिलं. ऑक्सिटोसिन या कळांच्या औषधाने लगेच कळा आणलेल्या गटात शंभरातल्या ४ जणींना गर्भाशयाचा संसर्ग झाला, तर थांबलेल्या गटात ८.६ जणींना. बाळांना संसर्ग होण्याचं प्रमाण सर्व गटांत जवळपास सारखंच निघालं. पुढे २०१७ साली २३ अभ्यासांची, म्हणजे ८,६०० हून अधिक बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही लवकर कळा आणलेल्या आयांमध्ये संसर्ग कमी दिसला. बाळांमध्येही तो काहीसा कमी दिसला, पण तो पुरावा तितका पक्का नाही.

माझं मत विचाराल, तर आपल्याकडे मी फार थांबायच्या बाजूची नाही. परदेशातल्या बाईला थांबायचं म्हटलं तर ती दर चार तासांनी ताप मोजते, काही वाटलं तर लगेच पोचू शकते, आणि तिची योनिमार्गातल्या जिवाणूंची (ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस) चाचणी बऱ्याचदा आधीच झालेली असते. आपल्याकडे ती चाचणी सरसकट होत नाही. बाई उमरेडहून आलेली असेल तर तिला 'घरी जा आणि लक्ष ठेवा' म्हणणं मला जमत नाही. थांबायचंच असेल तर दवाखान्यात थांबा.

कुणी अजिबात थांबू नये?

पाणी हिरवं आहे, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर आहे, पाण्याला वास आहे, बाळाचे ठोके बिघडलेत, बाळाची हालचाल कमी झाली आहे, रक्तस्राव होतोय, एचआयव्हीची लागण आहे किंवा आधी जंतुसंसर्गामुळे बाळ आजारी पडलं होतं, अशा बाईने थांबू नये. बीपी किंवा शुगर असणाऱ्यांनीही डॉक्टर सांगतील तसंच करावं. बाळ आडवं असेल, पायाळू असेल किंवा वार खाली असेल, तर बहुतेकदा कळा आणण्याऐवजी सिझरचाच विचार होतो.

सासूबाई म्हणतात, त्यांच्या वेळी दोन-दोन दिवस पाणी जायचं, काही झालं नाही.

त्यांचं खोटं नाही. बहुतेक बायकांना खरोखरच काही होत नाही. पण ज्यांना झालं, त्या बाळंतरोगाने गेल्या किंवा त्यांची बाळं आठवड्याच्या आत गेली. त्यांच्या गोष्टी घरात सांगितल्या जात नाहीत. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन या आणि डॉक्टरसमोर हाच प्रश्न विचारू द्या. नीट समजावलं की त्याच पुढे सगळ्यांना समजावतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं, असं सगळेच म्हणतात.

पाणी गेलेल्या बाईच्या बाबतीत अभ्यास तसं सांगत नाहीत. वर सांगितलेल्या १९९६च्या अभ्यासात लगेच कळा आणलेल्या आणि थांबलेल्या, सर्व गटांत सिझरचं प्रमाण सारखंच होतं: शंभरात दहाच्या आसपास. २०१७च्या एकत्रित अभ्यासातही फरक आढळला नाही.

मग लोकांना तसं का वाटतं? कारण घाई होते. गर्भाशयाचं तोंड घट्ट असताना थोडेसे तास सलाईन लावून 'उघडत नाही' म्हणत ऑपरेशनकडे वळणारेही असतात. पाणमोट फुटल्यानंतर ऑक्सिटोसिन चालू करून निदान १२ ते १८ तास झाल्याशिवाय कळा आणणं फसलं असं म्हणू नये, हे आज मान्य झालेलं तत्त्व आहे. अर्थात आई आणि बाळ दोघंही ठीक असतील तरच. बाळाचे ठोके उतरले तर तासांचा हिशोब करायचा नाही. म्हणून सिझरचं सांगितलं गेलं तर शांतपणे दोन गोष्टी विचारा: 'बाळाला त्रास होतोय का?' आणि 'त्रास नसेल तर अजून थोडा वेळ देता येईल का?'

गोळी, जेल आणि सलाईन यांत फरक काय?

गर्भाशयाचं तोंड किती मऊ, किती उघडं आहे, त्यावर औषध ठरतं.

तोंड मऊ झालेलं असेल तर ऑक्सिटोसिन सलाईनमधून देतात. तेच ते 'कळांचं इंजेक्शन'. थेंब कमीपासून सुरू करून साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवतात. शक्य तिथे ते पंपाने द्यावं, म्हणजे थेंब नेमके मोजले जातात. कळा जास्त झाल्या तर ते बंद करता येतं आणि त्याचा असर लवकर उतरतो, हा त्याचा मोठा गुण.

तोंड घट्ट असेल तर आधी ते मऊ करावं लागतं. मिसोप्रोस्टॉल ही गोळी २५ मायक्रोग्रॅमच्या छोट्या मात्रेत तोंडाने किंवा योनीत देतात. तोंडाने दिली तर दोन तासांनी, योनीत ठेवली तर सहा तासांनी पुन्हा देता येते. हीच गोळी दुसऱ्या कामांसाठी २०० मायक्रोग्रॅमची मिळते. तिचे घरी किंवा दुकानात अंदाजाने तुकडे करून घेणं अत्यंत धोक्याचं आहे. जेल म्हणजे डायनोप्रोस्टोन, ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी सोडतात. गोळीनंतर निदान चार तास आणि जेलनंतर सहा तास गेल्याशिवाय ऑक्सिटोसिन सुरू करत नाहीत, कारण दोन्ही एकत्र आली तर कळा आवरत नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. 'लवकर मोकळी व्हावी' म्हणून घरी कुणाकडून कळांचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. दंडात किंवा कमरेत टोचलेलं औषध परत काढता येत नाही. गर्भाशय सतत आवळलेलं राहतं, बाळाचा श्वास कोंडतो, गर्भाशय फाटू शकतं.

औषधाने आणलेल्या कळा जास्त दुखतात का?

बऱ्याच जणींना दुखतात. आपोआप आलेल्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होते. सलाईनच्या कळा कमी वेळात जोर धरतात. हे आधी सांगितलेलं बरं. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत असतील तर त्या गरजेपेक्षा जास्त आहेत, सिस्टरला सांगा, थेंब कमी होतील. वेदना कमी करण्याची सोय काय आहे ते आधी विचारा. काही ठिकाणी पाठीतलं एपिड्यूरल मिळतं, ते मागणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे. बाळाचे ठोके ठीक असतील तर पलंगालगत उभं राहणं, कुशीवर होणं, कंबर चोळून घेणं यानेही बराच फरक पडतो. आई, बहीण किंवा जाऊ यांपैकी एक बाई सोबत असू द्या. सरकारी लेबर रूममध्येही बाळंतिणीसोबत एक स्त्री नातेवाईक थांबू शकते.

पाणी निघून गेलं, आता कोरडं बाळंतपण होणार का?

नाही. गर्भजलाचा मोठा भाग बाळाच्या लघवीपासून बनतो, आणि बाळ लघवी करत राहतं. म्हणून पाणी शेवटपर्यंत थोडं थोडं येतच राहतं. भरपूर पाणी प्या, पण प्यायलेल्या पाण्याने फाटलेली पाणमोट बंद होत नाही.

अँटिबायोटिक द्यावंच लागतं का?

पाणी गेल्या गेल्या सगळ्यांना सरसकट लागत नाही. पाणी जाऊन १८ तास होत आले, ताप आला किंवा आधीच्या तपासणीत जिवाणू सापडले होते, तर शिरेतून देतात. आपल्याकडे बरेच डॉक्टर त्याआधी, १२ तास झाले की सुरू करतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दाखल होतानाच सांगा.

आधीचं सिझर आहे. आता पाणी गेलं तर?

ताबडतोब या, आणि दाखल होताना पहिलं वाक्य तेच सांगा. तुम्हाला मिसोप्रोस्टॉल देऊ नये, जुना टाका उसवण्याचा धोका असतो. ऑक्सिटोसिन फार जपून आणि फक्त तिथेच, जिथे लगेच ऑपरेशन होऊ शकतं. काही जणींना आपोआप कळा येऊन नॉर्मल बाळंतपण होतं, काहींना पुन्हा सिझर लागतं. आधीच्या ऑपरेशनचा कागद असेल तर निर्णय सोपा होतो.

एरंडेल, तुपाचा काढा, गरम मसाल्याचं दूध यांनी कळा येतात का?

एरंडेलाने जुलाब, उलट्या होतात आणि ऐन बाळंतपणात अंगातलं पाणी कमी होतं. घेऊ नका. दूध-तूप खायला हरकत नाही, पण ते कळांचं औषध नाही. दाखल झाल्यावर वरण-भात, पेज, ताक असं हलकं खाता येईल का ते डॉक्टरांना विचारा. सिझरची शक्यता असेल तर थांबायला सांगतील.

उद्या अमावास्या आहे. परवापर्यंत ढकलता येईल का?

नाही. पाणमोट शाबूत असताना ठरवून करायच्या सिझरची तारीख कुटुंबाशी बोलून पुढे-मागे होऊ शकते. पाणी गेल्यावर बाळाची वेळ सुरू झालेली असते, आणि तिथे मुहूर्ताला जागा देणं म्हणजे आईला आणि बाळाला तापाच्या जवळ नेणं. मी हे प्रत्येक कुटुंबाला इतक्याच स्पष्टपणे सांगते.

३७ आठवड्यांच्या आधी पाणी गेलं तर हेच सगळं?

नाही, ती गोष्टच वेगळी. तिथे बाळ कच्चं असतं, म्हणून संसर्ग नसेल तर बऱ्याचदा थांबून बाळाला दिवस मिळवून देतात. अँटिबायोटिक आणि फुप्फुसं पक्की होण्यासाठी इंजेक्शनं देतात. दवाखान्यात मात्र तितक्याच घाईने यायचं, आणि कच्च्या बाळांचा विभाग असेल तिथे.

सरकारी दवाखान्यात याचा खर्च किती?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, येण्या-जाण्याची गाडी आणि जेवण मोफत आहे. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण. कळा आणण्याची औषधंही यातच येतात. बाहेरून आणायची चिठ्ठी हातात आली, तर 'हे इथे मोफत मिळत नाही का?' असं विचारा. खासगी दवाखान्यात कळा आणल्यास मुक्काम एखादा दिवस वाढू शकतो, तेव्हा अंदाज आधी लिहून घ्या.

बाळ झाल्यावर त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

पाणी बराच वेळ गेलेलं असेल तर पहिले एक-दोन दिवस बाळावर जास्त लक्ष ठेवतात. पाणी कळांच्या आधी गेलं असेल तर पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये गंभीर संसर्ग शंभरात एकाला होतो. पाणमोट शाबूत असेल तर दोनशेत एकाला. म्हणजे बहुतेक बाळं ठणठणीतच असतात. पहिल्या तासात अंगावर पाजा, कातडीला कातडी लावून छातीवर ठेवा. मध किंवा साखरेचं पाणी चाटवू नका.

बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, कण्हतंय, श्वास भराभर घेतंय, अंग गरम आहे किंवा उलट गार पडलंय, पहिल्याच दिवशी पिवळं दिसतंय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता बाळांच्या डॉक्टरला दाखवा. 'पाणी अमुक तास आधी गेलं होतं' हे त्यांना आवर्जून सांगा, कारण बाळाची फाइल वेगळी असते आणि ती नोंद तिच्यात असेलच असं नाही.

घरी गेल्यावर आईने काय बघायचं?

ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात वाढतं दुखणं, अंगावरून जाण्याला घाण वास, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव. बाळंतपणानंतरचा ताप दूध भरल्याने येतो असं म्हणून तो अंगावर काढण्याची आपल्याकडे सवय आहे. पाणी आधी गेलेल्या बाईचा ताप गर्भाशयाच्या संसर्गाचाही असू शकतो. १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखान्यात या, सव्वा महिना झाला नसला तरी. बाळालाही सोबत आणा, म्हणजे पाजणं तुटणार नाही.